ढिला नट

"काय देवसिंगभाऊ, एक पाइप बसून नाही राह्यला तुमच्यानं?"

देवसिंग गॅरेज उघडायला आला, तेव्हा इंद्रजीत रोजच्यासारखा आधीच येऊन बसला होता. काखेत हेल्मेट. मागच्या उघड्या जागेत त्याची सत्त्याण्णव सालची कार, आणि तिच्याखाली ब्रेक ऑइलचं थारोळं. सलग तिसरी सकाळ.

देवसिंगचं डोकंच फिरलं. रेसच्या सरावात दगड लागून ब्रेकचा पाइप चेपला, एवढंच काम होतं. त्याने नवा पाइप टाकला, नटही बदलला. संध्याकाळी पेडल कडक, सकाळी पाय थेट तळाला. पांढरकवड्याच्या हायवेवर वीस वर्षं ट्रकवाले त्याच्या ब्रेकवर डोळे मिटून गाडी हाकत होते, आणि ह्या डबड्याने त्याची अब्रू काढली होती.

"उद्या नागपूरले रेस हाये! गावानं बॅनर लावलं. काय सांगू लोकायले?" इंद्रजीत सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला.

"सांग, देवसिंग म्हातारा झाला." तो वैतागून गाडीखाली शिरला. नट पुन्हा ढिला. त्याला स्वतःच्याच हातांचा राग आला.

"पाना दे बरं तो."

"नाही बाप्पा. कपडे खराब होतात." तीन दिवसांत पोरगा एकदाही खाली वाकला नव्हता.

ब्रेक ऑइल भरताना मडगार्डवर चार थेंब सांडले. पुसेपर्यंत तिथला रंग फुगून आला. त्यावरूनही इंद्रजीतने ऐकवलंच.

दुपारी पेडल कडक झालं. तेवढ्यात गाडी न्यायला त्याचे मित्र झेंडे लावून, हॉर्न वाजवत आले. इंद्रजीतचा आवाज एकदम उतरला.

"भाऊ, आजची रात राहू द्या ना इथंच. पहाटे नेतो."

"काहून? झाली ना आता."

देवसिंगने हेल्मेट सीटवर ठेवायला उचललं. हेल्मेटला हात लावायची त्याची ही पहिलीच वेळ. पेंटरने कालच त्यावर 'पांढरकवड्याचा वाघ' असं लिहून दिलं होतं. 'वाघ' या अक्षरांवर मडगार्डसारखाच रंग फुगून पापुद्रे सुटले होते. चार बोटांचे ठसे.

त्याने वर पाहिलं. इंद्रजीतने हात पाठीमागे नेले होते.

"देवसिंगभाऊ, झाली का गाडी?" बाहेरून पोरं ओरडली.

देवसिंगने फडक्याला हात पुसले.

"नाही रे बाप्पा," तो म्हणाला. "माह्याच्यानं नाही झालं."