ओट्याचं माप

नव्या ओट्यावर पोळपाट ठेवला आणि लाटायला लागले, तर लाटण्यावर जोरच येईना. कोपरं पार खांद्याशी आलेली. टाचा उंचावल्या तेव्हा कुठे पोळी जेमतेम पसरली.

"ओटा एवढा उंच कशाला केला?"

"हल्ली असाच करतात. वाकायला नको, कंबर धरायला नको." हे कौतुकानं ग्रॅनाइटवरून हात फिरवत होते. "तू माहेरी होतीस ना, म्हणून गवंड्याला मी स्वतः उभा राहून माप दिलं."

हे सहा फुटी. मी यांच्या खांद्यालाही लागत नाही. आणि लग्न झाल्यापासून या माणसानं घरात साधा चहासुद्धा केलेला नाही. पोळी मात्र तव्यावरून थेट ताटात लागते.

"मला एक फोन तरी करायचा होतात."

"अगं, तुला सरप्राइज द्यायचं होतं." मग माझा चेहरा बघून ते आत गेले आणि सणाला आपण जेवायला मांडतो तो पाट घेऊन आले. माझ्या पायाशी ठेवून म्हणाले, "यावर उभी राहत जा. उगाच राईचा पर्वत करू नकोस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लाटणं त्यांच्या हातात दिलं. पाट उचलून स्वयंपाकघराच्या मधोमध मांडला, पुढ्यात ताट घेतलं आणि मांडी घालून बसले.

"ओटा तुमच्या मापाचा आहे," मी म्हटलं. "तव्यावरची गरम वाढा."