क्यूला आलेला बाक

"वाकलाय," चारुदत्त म्हणाले आणि त्यांनी क्यू पुन्हा डोळ्याशी धरला.

डावा डोळा मिटलेला, उजवा क्यूच्या जाड टोकामागे, आणि समोर खिडकीतल्या उजेडाकडे रोखलेली ती मेपलची निमुळती काठी. टोकाच्या चार बोटे अलीकडे तिला स्पष्ट बाक आला होता. असल्या काठीने टेबलावरचे चेंडू टोलवत पूल खेळणाऱ्या माणसाला याहून अधिक काही सांगावे लागत नाही. असा क्यू खेळायच्या कामाचा राहत नाही.

सोफ्याच्या कडेवर अमेय अवघडून बसला होता. ऑफिसच्या कामासाठी तो आठवडाभर देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरी शहरात गेला होता, आणि परदेशातल्या या बॉथेल गावच्या मराठी मंडळींतला माणूस कुठेही गेला तरी परतताना त्याच्याकडे कुणाचे ना कुणाचे काहीतरी सोपवलेले असतेच. या वेळी कॅरीत राहणाऱ्या गुरुनाथकाकांनी चारुदत्तांसाठी हा क्यू दिला होता. मधला जोड उघडून त्याचे दोन तुकडे केलेले, प्रत्येकाला फोम गुंडाळलेला, आणि दोन्ही एका जाड प्लास्टिकच्या पाइपात बंद केलेले. क्यू विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. तो सामानातूनच जाणार, हे काकांनाही ठाऊक होते.

"मी काउंटरवर फ्रॅजाइलचं स्टिकर लावून घेतलं होतं, काका," अमेय म्हणाला. "पण मधे कनेक्टिंग फ्लाइट मिस झाली. पाइप दुसऱ्या दिवशी आला. झाकण चेपलेलं होतं."

"रात्रभर कुठल्या तरी थंड शेडमध्ये पडला असेल. लाकूड आहे ते, लोखंड नव्हे. तूच बघ."

अमेयने क्यू हाती घेतला. चारुदत्तांनी धरला होता तसाच धरून त्याने बराच वेळ पाहिले. मग मान खाली घातली.

"हो काका. थोडा वाकलाय खरा. सॉरी."

चारुदत्तांनी क्यू परत घेतला. बेचाळीस वर्षांपूर्वी ते आणि गुरुनाथ एकाच विद्यापीठात शिकायला आले होते. वसतिगृहाच्या तळघरातल्या फाटक्या टेबलावर दोघे पूल शिकले. निवृत्तीनंतर गुरुनाथने गॅरेजमध्ये लाकूड कातायचा लेथ बसवला आणि एकेका मित्रासाठी क्यू घडवायला घेतले. "तुझा शेवटी करणार. तोवर हात बसेल," असे तो म्हणायचा. हात बसला, आणि मग कंपवाताने तो थरथरू लागला. जानेवारीत त्याने लेथ विकून टाकला. हा त्याचा अखेरचा क्यू होता. पुन्हा घडणार नव्हता.

"पोचल्याचं विचारायला गुरुनाथांचा फोन येईल आता," स्वयंपाकघराच्या दारातून चारुदत्तांच्या पत्नी कांचनताई म्हणाल्या. "उत्तम आहे म्हणा नि भिंतीवर लावून टाका. या अवस्थेत त्यांना कशाला सांगायचं?"

"खोटं सांगू त्याला? अगं, आमच्या मैत्रीत तेवढं एकच झालेलं नाही."

फोन आलाच. चारुदत्तांनी तो स्पीकरवर टाकला.

"काय रे चारू, लेका, मिळाली का काठी? की त्या पोरानं वाटेत विकून खाल्ली?"

"मिळाली." चारुदत्तांनी घसा खाकरला. "गुरू, काम अप्रतिम आहे. पण प्रवासात तिला बाक आलाय. टोकाशी."



"एका प्रवासात?" गुरुनाथचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "आठ वर्षं वाळवलेलं लाकूड होतं ते. ओट्यावर लोळवून बघ."

चारुदत्तांनी क्यूचा पुढचा भाग सुटा करून ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवला आणि बोटाने ढकलला. तो न डगमगता, एका लयीत गडगडत गेला. खाली कुठे फट दिसली नाही, की टोक उडाले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा ढकलला. तिसऱ्यांदा ढकलला.

"सरळ जातोय," ते चकित होऊन म्हणाले. क्यू उचलून त्यांनी घाईघाईने पुन्हा डोळ्याशी धरला. "पण बाक दिसतोय, गुरू! शप्पथ! डावीकडे गेलाय."

"आता हातातल्या हातात अर्धा फिरव. बाक उजवीकडे आला?"

चारुदत्तांनी क्यू फिरवला. अर्धा. मग पूर्ण. मग सावकाश, इंचाइंचाने.

"नाही," ते म्हणाले. "डावीकडेच आहे."

"काठी फिरते आणि बाक फिरत नाही?"

"नाही."

"मग तो काठीत नाही, चारू." गुरुनाथ अगदी हळू बोलत होता. "त्या पोराला काय दिसतंय?"

अमेय उठून उभा राहिला होता. 

"काका, मला पहिल्यापासून सरळच दिसत होता. पण तुम्ही इतक्या खात्रीनं म्हणालात... मग मी कसं नाही म्हणणार?"

"चारू," फोनमधून आवाज आला, "कुठल्या डोळ्यानं बघतोयस तू?"

चारुदत्तांनी क्यू खाली ठेवला. डावा डोळा तसाच मिटलेला ठेवून त्यांनी एकट्या उजव्या डोळ्याने सावकाश वर पाहिले. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मधोमध डावीकडे वाकली होती, आणि चौकटीत उभ्या असलेल्या कांचनताईंचा चेहराही.