राजाच्या गालावरचा तीळ

म्हाताऱ्याने पोलादी साच्यावर मेणाचा गोळा दाबला, अलगद सोडवला आणि न्हाव्याच्या तळहातावर ठेवला. मेणात राजाचा चेहरा उमटला होता. खाली मृत्यूचं साल आणि 'परक्या मुलखात' एवढे दोन शब्द.

"नीट बघून घ्या. तुम्ही हो म्हणालात की साचा भट्टीत जाईल. एकदा पोलाद कडक झालं की मग त्यात साधी रेघसुद्धा ओढता येणार नाही."

देशाबाहेर काढलेल्या राजाची दाढी न्हाव्याने तीस वर्षं केली होती. म्हणून राजाच्या स्मरणार्थ काढायचं पदक पारखायला राणीने त्यालाच धाडलं होतं. त्याने डोळे मिटले आणि मेणातल्या गालावरून बोट फिरवलं.

"नाक बरोबर. हनुवटीही. तीळ कुठे गेला?"

म्हातारा हसला. "तीळ नव्हताच त्यांना. नाण्याचा साचा कोरताना माझी कोरणी घसरली. साच्यात खड्डा पडला की नाण्यावर तो उंचवटा होऊन येतो. ध्यानात येईपर्यंत नाणी गावोगाव गेली होती. आता मी मरण्याआधी राजांचा चेहरा स्वच्छ करून ठेवतोय."

"बेचाळीस वर्षं सवतीसारखा नांदला तो तीळ या घरात," भाता ओढत त्याची बायको म्हणाली. "जाऊ दे एकदाचा."

न्हावी हसला नाही.

"नव्हता, ते मला ठाऊक आहे. तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात आपली माणसं भेटायला आली. घरदार सोडून आलेली. राजांना जवळून कुणी पाहिलेलं नाही, पण प्रत्येकाच्या मुठीत नाणं. एक बाई नाण्याकडे बघायची, राजांकडे बघायची. म्हणाली, हे आपले राजे नव्हेत, यांना तीळ नाही. आणि मागे फिरली. तिच्यामागून बाकीचेही गेले."

भाता थांबला.

"दुसऱ्या दिवशी राजे माझ्यापुढे बसले. म्हणाले, वस्तरा ठेव, सुई घे. गालावर तीळ गोंदताना ते जराही हलले नाहीत. गोंदलेलं पुसत नाही, एवढं मलाही कळतं. तरी तीस वर्षं तिथून मी वस्तरा वळवूनच नेला."

म्हाताऱ्याने कोरणी उचलली, साच्यातल्या गालावर टेकवली आणि पुन्हा उचलली. जे एकदा नकळत झालं होतं, ते जाणूनबुजून करायला त्याचा हात धजेना.

बायको उठून जवळ आली. तिने साचा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"या वेळी घसरवू नका," ती हळूच म्हणाली. "तीळ नीट ठेवा."

हातोडीचा एकच ठोका पडला.

त्याने नवं मेण दाबलं, सोडवलं आणि न्हाव्यापुढे धरलं. न्हाव्याने डोळे मिटून पुन्हा गालावर बोट ठेवलं. बोट कानापासून सरळ खाली आलं, तिळाजवळ थबकलं आणि त्याला वळसा घालून हनुवटीकडे गेलं.