बर्फावरची सोबत

माझा एस्को चाळिशी उलटून गेलेला, पण मेल्याला गप्प बसता येत नाही. माझी शेजारीण हेल्व्ही महिन्यापूर्वी गेली. आता म्हातारीला गोठलेल्या तळ्यावर एकटं सोडायचं नाही, असं ठरवून गेल्या आठवड्यापासून हा रोज माझ्या मागे येतो. मी गिरमिटाने बर्फाला भोक पाडून गळ सोडते न सोडते, तोच याचं सुरू. "आई, थंडी वाजते का? कॉफी ओतू का? लागलं का काही?"

हेल्व्ही आणि मी, उभ्या जन्माचे हिवाळे या तळ्यावर काढले. घरी वाट्टेल तेवढं भांडायचो, पण बर्फावर पाय ठेवला की परतेपर्यंत एक शब्द नाही. आमच्याकडे गळाला बसून बोलणाऱ्याला कोणी दुसऱ्यांदा सोबत नेत नाही.

काल एस्कोने तोंड पाडून विचारलं, "आई, हेल्व्हीमावशी नाही, तर इथे फार एकटं वाटत असेल ना गं?"

मी मागे वळूनही पाहिलं नाही.

"तिला पुरल्यावर मी एकटी येत होते ना, तेव्हाही ती इथेच गप्प बसलेली असायची. तू तोंड उघडलंस आणि ती उठून गेली. जा घरी!"