काल जेवायला काय केलं होतं?

सकाळी दहा वाजता आहार-पाहणीच्या ताई काम संपल्यावर निरोप घ्यायला आल्या, तेव्हा काकूंच्या हातात मधुमेह झाल्याचा रिपोर्ट होता.

"नवल आहे, काकू. नऊ वर्षं तुमच्या वहीत पालेभाजी आणि कडधान्यं. त्यातलं मॅग्नेशियम मधुमेह टाळतं म्हणतात, आणि ते तुमच्याइतकं कुणाच्याच वहीत नाही."

"ते सगळं ह्यांच्या आणि पोरांच्या ताटात जायचं, बाई. मी आपली चहा-पावावर भागवायचे."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"तुम्ही विचारायचात, काल जेवायला काय केलं होतं. मी काय खाल्लं, ते कुठं विचारलंत?"



ताईंनी नऊ वर्षं हाच प्रश्न चारशे घरांतल्या बायकांना विचारला होता, आणि मॅग्नेशियमने बायकांचा मधुमेह टळत नाही, हा त्यांचा अहवाल कालच छापायला गेला होता.