फवारतांना चक्कर आली तर

"हे पान काढून टाका," शेखर म्हणाला आणि त्याने स्क्रीनवर बोट टेकवलं. "याच्यापायी बाकीची वेबसाइट गूगलवर खाली चालली."

अलीझाने बापाकडे पाहिलं. हुसेनचाचा एका फवारणी पंपाचा वॉशर बदलत होते. त्यांनी मान वर केली नाही. अकोल्यातलं त्यांचं दुकान म्हणजे पंपांचा दवाखानाच. नळ्या, नोझल, पट्टे, जे गिऱ्हाइकाला गावात मिळत नाही ते इथे मिळायचं, आणि तेच सगळं अलीझाने वेबसाइटवर मांडलं होतं.

शेखर अमरावतीचा. शोधणाऱ्याला आपली वेबसाइट आधी कशी दिसेल, हे दुकानदारांना सांगणं हाच त्याचा धंदा. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तो पहिल्यांदा आला तेव्हा अलीझाने सामानाची नावं खोक्यांवरून जशीच्या तशी इंग्रजीत उतरवली होती. तो हसला. "गिऱ्हाईक काउंटरवर येऊन काय म्हणते? तेच लिहा." मग तिने 'पाठीवरचा पंप' लिहिलं, 'पंप गळून राह्यला' लिहिलं. पोळ्याच्या आधीच वाशीम-बुलढाण्याकडून फोन यायला लागले. बोंडअळीने आणि पडलेल्या भावाने बाजार बसवला, त्या हंगामात हे दुकान तगलं ते त्या फोनांवर. म्हणून शेखरचा शब्द या घरात कोणी मोडत नसे.

पण हे पान तिने पुंजाजी या जुन्या गिऱ्हाइकामुळे लिहिलं होतं. यंदा कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारा उलटून तोंडावर यायचा. पुंजाजी गळका पंप घेऊन आले आणि बोलता बोलता भिंतीला टेकून खालीच बसले. तोंडाला लाळ सुटली, नजर फिरली. बापलेकीने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं, म्हणून वाचले. अशा वेळी आधी काय करायचं ते डॉक्टरांनी तिला नीट समजावून सांगितलं. घरी येऊन तिने ते सगळं लिहून काढलं. वर 'विषबाधा' असा शब्द घातला नाही. शेखरने शिकवलं होतं तसंच लिहिलं, 'फवारतांना चक्कर आली तर'.

"लोकं येऊन राह्यले, ते मी नाही म्हणत नाही," शेखर समजावत होता. "पण थांबून नाही राह्यले. उघडलं की बंद. खाली सरकवून कोणी पाहतच नाही. अशानं गूगलले वाटते, का हे पान बेकार आहे. अन् त्या पानावरून एक तरी पंप विकला काय?"

"नाही," अलीझा म्हणाली.

"मंग?"

हुसेनचाचांनी पक्कड खाली ठेवली. "काढ बेटा. ज्यानं वर चढवलं तोच सांगून राह्यला."

अलीझाने माउसवर हात ठेवला, आणि लाइट गेली. पंखा घरघरत थांबला, स्क्रीन काळी झाली. भारनियमन सुरू झालं होतं. हुसेनचाचांनी समोरच्या हॉटेलात चहा सांगितला.

चहा येण्याआधी दुकानापुढे रिक्षा थांबली. एक बाई उतरली. हातात मेथीच्या जुड्यांची थैली. आत बसलेला माणूस मात्र उतरला नाही. गालफडं बसलेली, पण बसला होता ताठ.

"हुसेन पंपवाल्याचं दुकान हेच काय जी? मोबाईलवर लिहिते ते कोण?"

"मी," अलीझा जरा बिचकतच म्हणाली.

बाईने थैली काउंटरवर ठेवली आणि तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. ती बेबीताई, पातूरकडची, भाजीपाला पिकवणारी. रिक्षात बसलेला तिचा नवरा, देवमन. त्याला आत्ताच दवाखान्यातून सुट्टी झाली होती.

"हे वावरातून आले न् उलट्या सुरू. तोंडाले फेस. घरी मी एकटी. मले काही सुचे ना. मोबाईलमंदी बोलली, फवारतांना चक्कर आली. तं तुमचं लिहेल निघालं. कपडे काढले, साबणानं आंग धुतलं, औषधाचा डबा संगं घेतला. डाक्टर म्हणे, डबा आणला हे बेस केलं. कोणं शिकवलं तुले?"

अलीझाचे डोळे भरले. तिने शेखरकडे हात केला. "मौशी, बोलतो तसे शब्द लिहायले यायनं शिकवलं. नाही तं तुमाले ते सापडलंच नसतं."

बेबीताईने शेखरपुढे हात जोडले. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. आपले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. हुसेनचाचा रिक्षापाशी गेले आणि आपल्यासाठी आलेला चहा त्यांनी देवमनच्या हातात दिला.

"राहू द्या ते पान," शेखर अलीझाला हळूच म्हणाला. "एक पान दुवेसाठी असू द्यावं. पण लोकं ते वाचत नाहीत, हे काही खोटं नाही."

बेबीताईच्या कानावर ते पडलं. तिचा चेहरा एकदम ओशाळला.

"खरं हाय भाऊ. म्याबी नाही वाचलं पुरतं. पोरीनं एवढं मन लावून लिहिलं, अन् म्या वरच्या ओळी पाह्यल्या, मोबाईल खाटीवर फेकला न् यायले उचललं. माफ करजो माय. पण वाचत बसली असती, तं हे आज तिथं बसलेले दिसले नसते."