खारट आमटी

पुढ्यात वाढतील ते खा, असं प्रभूनं शिष्यांना गावोगाव धाडताना सांगितलं होतं. एस्तेरचा सुवार्ता सांगायचा आज पहिलाच दिवस, आणि हे वचन तिनं मनोभावे पाळलं होतं. पाच घरी ती पोटभर जेवली. पण तिनं प्रभूचं नाव काढलं, की पानात आणखी एक भाकरी पडायची. ऐकून कुणीच घेतलं नव्हतं.

सहावं घर एकट्या राहणाऱ्या ठकूमावशींचं. म्हातारीनं हौसेनं आमटी-भाकरी वाढली नि समोर बसून राहिली. पहिल्याच घासाला एस्तेरच्या डोळ्यांत पाणी आलं. आमटी होती की समुद्र!

“कशी झालीय गं पोरी?”

एस्तेर गडबडली. छान म्हणावं, तर शास्त्रात खोटं बोलायला मनाई. खरं सांगावं, तर हेही दार बंद.

“मीठ लई झालंय, मावशी,” ती हळूच म्हणाली, आणि मान खाली घालून खातच राहिली. ताट स्वच्छ झालं.

म्हातारी खो खो हसत सुटली. “अगं, आख्खं गाव झ्याक म्हणतं, नि माझी पाठ वळली की कुत्र्याला घालतं. तू तोंडावर खारट म्हणतेस, नि वर ताट पुसून खातेस! कुणी शिकवलं गं तुला असलं?”

एस्तेरनं सांगायला तोंड उघडलं, पण घसा असा कोरडा पडलेला, की शब्दच फुटेना.

“आधी पाणी पी घटाघटा,” म्हातारीनं तांब्या पुढं केला. “मग सांग सावकाश. मी कुठं जातेय?”